अळवाच्या पानापासून सुरुवात करा : संग्रहालयात नॅनोचा दिवस कसा भरवावा

नॅनो म्हटलं की आपल्याकडं अजून पहिला प्रश्न येतो, "म्हंजे ती लाखाची गाडी न्हवं?" विचारणाऱ्याचं काही चुकत नाही, त्याच्या ओळखीची नॅनो तीच. पण त्याच माणसानं कोरोनाच्या काळात नाकातला स्वॅब देऊन पट्टीवर लाल रेघ उमटते का, याची धाकधुकीनं वाट पाहिलेली असते. तसल्या बहुतेक किटमधली ती रेघ सोन्याच्या नॅनोकणांची, म्हणजे अतिसूक्ष्म कणांची असते. म्हणजे नॅनो तंत्रज्ञान त्याच्या हातात येऊन गेलंय, फक्त कुणी सांगितलं नाही.

सांगू शकणारी माणसं याच शहरात, आपल्या कोल्हापुरात आहेत. शिवाजी विद्यापीठात नॅनो विज्ञान शिकवलं जातं, त्यावर संशोधन चालतं, पीएचडी करणारी मुलंमुली आहेत. आणि लोक जिथं आपणहून येतात, अशी संग्रहालयंही आहेत. टाऊन हॉल आहे, नवा राजवाडा आहे. दोघांची गाठ क्वचित पडते. ती घालून द्यायची इच्छा असलेल्या शिक्षकासाठी, संशोधकासाठी किंवा संग्रहालयातल्या कर्मचाऱ्यासाठी हा लेख आहे. आम्ही काही जण शाळांच्या सहलींसमोर अशी टेबलं मांडत आलो आहोत. त्यातून जे हाताशी आलं, ते क्रमानं सांगतो.

आधी एक पूर्वपीठिका, कारण तिचा उपयोग होतो. अमेरिकेत २००५ साली सरकारी विज्ञान निधीतून बोस्टन, मिनेसोटा आणि सॅन फ्रान्सिस्को इथल्या विज्ञान संग्रहालयांनी विद्यापीठांतल्या शास्त्रज्ञांना सोबत घेऊन एक जाळं उभं केलं. २००८ पासून ते देशभर 'नॅनोडेज' साजरे करू लागले. त्यांची खरी युक्ती होती ती पेटीची. प्रयोगाचं सामान, बोलायचं टिपण, मदतनिसांना शिकवायची पद्धत, सगळं एका पेटीत भरून ते शेकडो ठिकाणी पाठवत. लहान गावातलं संग्रहालयही ती पेटी उघडून दुसऱ्या दिवशी कार्यक्रम करू शके. आपण ती पेटीची कल्पना घ्यावी. आतलं सामान मात्र लक्ष्मीपुरीच्या भाजी बाजारातलं आणि गुजरीतलं, म्हणजे सराफ पेठेतलं असावं.

तीन माणसं जमवा

एक शास्त्रज्ञ, एक संग्रहालयातला माणूस आणि एक मधला. हा मधला माणूस सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच विसरला जातो. तो शाळेतला विज्ञानशिक्षक असला तर उत्तम. शास्त्रज्ञ बोलू लागला की "सर, हे आजींना कसं सांगाल?" असं न भिता विचारणं हे त्याचं काम.

शास्त्रज्ञ मिळवायला थेट विभागप्रमुखांकडे जा, परवानगी त्यांचीच लागते. पण टेबलापाशी उभं राहायला संशोधक विद्यार्थी मागा. त्यांच्याकडे वेळ असतो, उमेद असते, आणि शाळकरी पोरांना ते ताई-दादा वाटतात. त्यातही कागल, गडहिंग्लज, शिरोळकडची मुलं मिळाली तर बघा. घरी शेती असते, त्यामुळं समोरच्या शेतकऱ्याशी त्यांना बोलता येतं.

संग्रहालयाच्या बाजूनं अभिरक्षकांना (क्युरेटरना) रीतसर अर्ज द्या. शासकीय संग्रहालय असेल तर अर्ज पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे जाऊ शकतो, म्हणून दोन-तीन महिने हाताशी ठेवा. अर्जात तीन गोष्टी स्पष्ट लिहा : कुठल्याही वस्तूला हात लावणार नाही, आत उघडी ज्योत पेटवणार नाही, आणि पाण्याचं टेबल कपाटांपासून लांब, शक्यतो व्हरांड्यात असेल. अभिरक्षकांच्या मनातली निम्मी काळजी तिथंच मिटते.

पहिली बैठक प्रयोगशाळेत घेऊ नका

ती संग्रहालयात घ्या, आणि खुर्च्यांवर बसून नव्हे, दालनांतून फिरत घ्या. आमची पहिली सभा एका कॉलेजच्या वातानुकूलित खोलीत झाली होती. संशोधकांनी छान पडदा लावून माहिती दाखवली, संग्रहालयाच्या मंडळींनी चहा घेऊन माना डोलावल्या आणि दोन महिने काहीही झालं नाही. दुसऱ्यांदा आम्ही सगळे दालनांतून चाललो. एका वस्तूपाशी पहारेकरी म्हणाले, "इथं पोरं थांबतात आणि विचारतात, हिरवं का पडलंय?" तिथून काम सुरू झालं.

म्हणून पहारेकऱ्यांना आणि तिकीट देणाऱ्यांना बैठकीत बसवा. लोक कुठं थांबतात, काय विचारतात, कुठून न बघता पुढं जातात, हे त्यांना जितकं ठाऊक असतं तितकं कुणालाच नसतं.

टाऊन हॉलमध्ये ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची रोमन बनावटीची छोटी कांस्यमूर्ती आहे. पंचगंगेकाठच्या त्या टेकडीवर १९४५-४६ साली पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं. समुद्रापलीकडचा देव इथवर आला, ही गोष्ट सांगता सांगता कांस्यावर बसणाऱ्या हिरव्या थरापर्यंत जाता येतं. तांबं हवेशी, ओलाव्याशी, क्षारांशी संयोग पावतं तेव्हा पृष्ठभागावर काय घडतं? वस्तूला न खरवडता ते कसं तपासतात? शास्त्रज्ञाला सांगण्यासारखं इथं खूप आहे. आणि संग्रहालयाला पदरात पडण्यासारखंही आहे, कारण हा व्यवहार दोन्हीकडून व्हायला हवा. इटलीत फ्लॉरेन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी चुन्याचे नॅनोकण वापरून जुनी भित्तिचित्रं घट्ट करायची पद्धत विकसित केली. आपल्याकडचा रसायनशास्त्रज्ञ एखाद्या दालनातली आर्द्रता वर्षभर मोजून देऊ शकला, तरी संग्रहालयाचं भलं होईल.

याच फेरीत एक मोह आवरा. २००६ साली ड्रेस्डेनच्या संशोधकांनी स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या संग्रहालयातली सतराव्या शतकातली दमास्कस तलवार तपासली आणि पोलादात कार्बनच्या नॅनोनळ्या दिसल्याचं जाहीर केलं. अशा तलवारींचं वूट्झ पोलाद भारतातून जात असे. त्यामुळं राजवाड्यातली तलवार दाखवून "यातही नॅनो आहे" म्हणावंसं वाटतं. म्हणू नका. ती तपासलेली नाही, आणि ड्रेस्डेनच्या निष्कर्षावरही इतर शास्त्रज्ञांनी शंका घेतल्या आहेत. लोहाराला भट्टीची धग आणि घणाचा घाव अचूक कळत होता. अणू-रेणू ठाऊक नसताना त्यानं एवढं साधलं, हे सांगितलं तर त्याचा मान वाढतोच.

एकच वाक्य ठरवा

दिवसभरात येणाऱ्या माणसानं घरी काय न्यावं? आमचं वाक्य असं आहे : 'वस्तू फार बारीक झाली की तिचा स्वभाव बदलतो.' एवढंच. प्रत्येक टेबल या वाक्याकडं यायला हवं. ज्या प्रयोगातून ते वाक्य निघत नाही, तो कितीही देखणा असला तरी गाळा.

शब्दांचंही इथंच ठरवा. नॅनो हा ग्रीक शब्द, अर्थ खुजा. मराठीत 'अब्जांश' हा नेमका शब्द आहे, कारण नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. बोलताना 'नॅनो' म्हणा, फलकावर एकदा 'अब्जांश' लिहा. पोरं स्वतःच अब्ज म्हणजे किती शून्यं ते मोजू लागतात. केसाची जाडी साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर. डीएनएच्या धाग्याची रुंदी सुमारे २. आणि आपलं नख सेकंदाला जवळजवळ एक नॅनोमीटर वाढतं. हे शेवटचं सांगितल्यावर प्रत्येक जण आपल्या बोटाकडं बघतो, अगदी प्रत्येक जण.

वीस सेंटिमीटरची कागदी पट्टी आणि कात्री द्या. अर्धी करा, पुन्हा अर्धी करा. आठव्या कापाला पट्टी मिलिमीटरपेक्षा बारीक होते आणि हात थांबतो. नॅनोमीटरपर्यंत जायला साधारण २८ काप लागतील. हे सांगायचं ते हात थांबल्यावर, आधी नाही.

अळवाचं टेबल

हे टेबल मी कधीच सोडणार नाही. 'अळवावरचं पाणी' हा वाक्प्रचार घरोघरी आहे, पण पाणी का ठरत नाही, हे फार थोड्यांनी विचारलेलं असतं. पानावर सूक्ष्म उंचवटे असतात, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपासचे. त्या उंचवट्यांवर मेणाचे नॅनो आकाराचे कण असतात. थेंबाला टेकायला फक्त टोकं मिळतात आणि खाली हवा अडकून राहते. म्हणून थेंब मोत्यासारखा गोल होतो आणि घरंगळतो. कमळाच्या पानाचंही तेच.

पानं सकाळी ताजी आणा. देठ पाण्यात ठेवा आणि दोन पानांमध्ये वर्तमानपत्र घाला. पानं एकमेकांवर घासली की मेण जातं आणि प्रयोग बिघडतो. आमचा एकदा असाच बिघडला होता, जुडी घट्ट बांधून आणली म्हणून. पान पुठ्ठ्यावर टाचून थोडं तिरकं ठेवा. अळूचा रस लागला की हात खाजतात, तेव्हा मुलांच्या हाती पान देऊ नका, ड्रॉपर द्या. शेजारी विड्याचं किंवा पालकाचं पान तसंच टाचा.

आता क्रम. आधी विचारा : "थेंब टाकला तर काय होईल?" उत्तर येऊ द्या. मग दोन्ही पानांवर थेंब टाकायला सांगा. नंतर अळूवर चिमूटभर हळद भुरभुरवा आणि पुन्हा थेंब सोडा. थेंब हळद गोळा करत खाली जातो. पान स्वतःला धुतं, हे मुलं तुमच्या आधी म्हणतात. त्यानंतर एक कोपरा तुम्ही बोटानं खसाखसा चोळा आणि तिथं थेंब टाका. तो आता पसरतो, चिकटतो. हा क्षण सगळ्यात मोलाचा आहे, घाई करू नका. पान तेच, पाणी तेच, मग बदललं काय? शेवटी पानाचा तुकडा पाण्याच्या ग्लासात बुडवा. तो चांदीसारखा चमकतो, कारण अडकलेल्या हवेच्या थरावरून उजेड परततो. बाहेर काढला की कोरडा.

विद्यापीठातून याच पानाचं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचं छायाचित्र मिळवा आणि मोठं छापून टेबलामागं लावा. परदेशी पुस्तकातलं नको. कोल्हापूरच्या अळूचं, इथल्या यंत्रावर, इथल्या मुलीनं काढलेलं. "हे मी काढलंय" असं ती सांगते तेव्हा समोरच्या आठवीतल्या मुलीचे डोळे बघण्यासारखे होतात.

सोन्याचं टेबल

गुजरी असलेल्या शहरात सोन्याबद्दल कुणाला शिकवायचं? पण सोनं लाल होतं, हे सोनाराला सांगितलं की तोही थांबतो. हे द्रावण प्रयोगशाळेतच, संशोधकांनीच बनवायचं. सोन्याच्या क्षाराच्या उकळत्या द्रावणात सोडियम सायट्रेट घालायची ही पद्धत १९५१ पासून प्रसिद्ध आहे. पंधरा-वीस नॅनोमीटरचे कण तयार होतात आणि रंग डाळिंबाच्या रसासारखा येतो. १०० मिलिलिटरमध्ये सोनं असतं जेमतेम ५ मिलिग्रॅम, म्हणजे गुंजेचा चोविसावा भाग. हा हिशोब फलकावर लिहाच.

कुप्या सीलबंद आणा. एक लाल, एक मीठ घालून निळसर झालेली. मिठामुळं कण एकमेकांना चिकटतात, गुठळ्या होतात आणि रंग पालटतो. हा बदल समोर करून दाखवायचा असेल तर तो हातमोजे घातलेल्या संशोधकानंच, छोट्या कुपीत, दोन-तीन थेंब मिठाच्या पाण्यानं करावा. उरलेलं द्रावण परत प्रयोगशाळेत न्यायचं, बेसिनमध्ये ओतायचं नाही.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या लायकर्गस चषकाचा फोटो इथं लावा. चौथ्या शतकातला रोमन काचेचा चषक, समोरून उजेड पडला तर हिरवा, आतून उजेड आला तर लाल. शास्त्रज्ञांच्या अभ्यासातून कळलं की काचेत सोन्या-चांदीचे सुमारे ७० नॅनोमीटरचे कण आहेत. वस्तू संग्रहालयाची, प्रश्न प्रेक्षकाचा, उत्तर सूक्ष्मदर्शकाचं, असं हे उदाहरण आहे.

गूळ, आणि बाकीचं थोडक्यात

एकाच वजनाचा गुळाचा खडा आणि गुळाची पावडर दोन ग्लासांत टाका. काय आधी विरघळतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. मग हिशोब मांडा. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. मिलिमीटरचे हजार तुकडे केले तर ६०. कल्पनेत नॅनोमीटरपर्यंत कापत नेलं तर ६,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर. एवढ्याशा खड्यात साठेक गुंठे! ऊसवाल्याला हे चौरस मीटरपेक्षा गुंठ्यात सांगा, लगेच पोचतं. बारीक कण इतक्या चपळाईनं का वागतात, याचं एक मोठं कारण हा वाढलेला पृष्ठभाग आहे.

चुंबकाला प्रतिसाद देणारा काळा द्रव सीलबंद बाटलीत मिळाला तर ठेवा, पोरं हलत नाहीत. लेझर पॉइंटर फक्त संशोधकाच्या हातात, एक मिलिवॉटच्या आतला, आणि डोळ्यांच्या उंचीखाली. कोरडी नॅनोपावडर कुठल्याही टेबलावर नको, श्वासातून जाऊ शकते.

रंगीत तालीम

आठवडाभर आधी संशोधकांना एकेक मिनिट द्या आणि समोर आजी बसवा. खरीखुरी आजी, कुणाच्या तरी घरची. 'सिंथेसिस', 'कॅरॅक्टरायझेशन', 'ॲप्लिकेशन्स' हे शब्द आले की मधल्या माणसानं हात वर करायचा. पहिल्या दिवशी हात खाली येतच नाही. चौथ्या दिवशी तेच विद्यार्थी "बनवलं", "तपासलं", "कामाला लावलं" म्हणू लागतात. त्यांना दुसरी सवय लावा ती प्रश्न विचारून गप्प राहण्याची. पाच सेकंद. शिकलेल्या माणसाला हे फार जड जातं.

नंतर दोन टेबलं घेऊन एका संध्याकाळी रंकाळा तलावावर किंवा एखाद्या शाळेत जाऊन या. वीस-पंचवीस माणसांपुढं जे अडखळतं, ते संग्रहालयात न्यायच्या आधी बदला.

अवघड प्रश्न

हे येणारच, आणि त्यासाठीच शास्त्रज्ञ समोर हवा. शिरोळचा शेतकरी विचारेल, "नॅनो युरियाची बाटली खरंच पोत्याएवढी हाय काय?" बाटली २०२१ मध्ये बाजारात आली तेव्हा दावा होता की ५०० मिलिलिटर म्हणजे ४५ किलोचं एक पोतं. पहिल्या बाटलीत नत्र ४ टक्के, म्हणजे सुमारे २० ग्रॅम. पोत्यात ४६ टक्के, म्हणजे २० किलोच्या वर. पुरस्कर्ते म्हणतात, पानावर फवारल्यानं ते वाया जात नाही. टीका करणारे शास्त्रज्ञ म्हणतात, वाया काही नाही गेलं तरी २० ग्रॅमचे २० किलो होत नाहीत. हा हिशोब शेतकऱ्यासमोर कागदावर करून दाखवा, आणि सगळा डोस बदलण्याआधी एका वाफ्यात करून बघायला सांगा. कंपनीची तरफदारी नको, शेतकऱ्याला उडवून लावणंही नको.

चांदीच्या कामासाठी ओळखल्या जाणाऱ्या हुपरीची बाई चांदीबद्दल विचारेल. चांदीचे कण जंतू मारतात, म्हणून ते कपड्यांत, गाळण्यांत वापरतात. धुताना काही कपड्यांतून चांदी सुटते आणि ती पाण्यातल्या जिवांना घातक ठरू शकते, हे प्रयोगांत दिसलंय. प्रश्न मात्रेचा आहे. पंचगंगेकाठी राहणाऱ्यांना हे सांगायला संकोचू नका. 'माहीत नाही, आमच्याकडं यावर काम चालू आहे' असं शास्त्रज्ञ म्हणाला तर ऐकणारे उलट जवळ सरकतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

सुवर्णभस्माचा विषय निघाला तर एवढंच सांगा की काही नमुन्यांत सोन्याचे नॅनो आकाराचे कण आढळले आहेत. औषधाचा सल्ला मात्र टेबलावरून द्यायचा नाही, तो वैद्याकडून घ्यायचा. आणि आपल्या टेबलावरचं काहीही कुणी तोंडात घालणार नाही, गूळसुद्धा.

त्या दिवशी

२८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन किंवा १८ मेचा संग्रहालय दिन, दोन्ही चांगले. मे महिन्यात शाळा नसतात, पण आईबापांसोबत मुलं येतात, आणि ते मला जास्त आवडतं. नवरात्र टाळा. गर्दी असते, पण ती अंबाबाईसाठी आलेली असते.

एका टेबलाशी एका वेळी सात-आठ जणच. टेबलाच्या बाजूंनी उभं राहा, मागं नको. उद्घाटनाची भाषणं ठेवायचीच असतील तर संध्याकाळी ठेवा. सकाळी ठेवलीत की मुलं थकतात आणि पानं सुकतात. प्रत्येक टेबलावरून जवळच्या दालनातल्या एका वस्तूकडं बोट दाखवणारी पाटी ठेवा, म्हणजे माणूस व्हरांड्यातून परत न जाता आत जाईल.

एक स्वयंसेवक फक्त बघायला नेमा. कोण किती वेळ थांबलं, कुठला प्रश्न आला, कुठं चेहरा पडला, हे वहीत लिहायचं. बाहेर पडणाऱ्यांना एकच विचारा : "घरी गेल्यावर कुणाला काय सांगाल?" उत्तर त्यांच्याच शब्दांत टिपा. 'छान होतं' असं लिहून घेण्याचा काही उपयोग नाही. एका पोरानं सांगितलं होतं, "आईला सांगणार, वडी करायच्या आधी पानावर पाणी टाकून बघ." त्या दिवशी आमचं वाक्य पोचलं होतं.

नंतर

आठ दिवसांत तिघांनी पुन्हा बसा, वही उघडा आणि पुढच्या वेळी काय गाळायचं ते आधी ठरवा. संशोधक विद्यार्थ्यांना संग्रहालयाच्या सहीचं पत्र द्या, त्यांच्या नोंदीत ते लागतं. विद्यापीठ आणि संग्रहालय यांच्यात एक पानाचा लेखी करार करून ठेवा, कारण अभिरक्षक बदलतात, विभागप्रमुख बदलतात, आणि सगळं तोंडी असलं की नव्याला शून्यापासून सुरुवात करावी लागते.

आणि पेटी भरा. पत्र्याची ट्रंक चालते. ड्रॉपर, पुठ्ठे, टाचण्या, कात्री, कागदी पट्ट्या, हळदीची डबी, पानाचं छायाचित्र, सोन्याच्या सीलबंद कुप्या उजेड न लागेल अशा डब्यात, प्रश्नोत्तरांचं टिपण. झाकणाच्या आतल्या बाजूला दोन याद्या चिकटवा. एकीत दर वेळी ताजं काय आणायचं : अळू, विड्याची पानं, गूळ. दुसरीत लाल कुपीचा रंग निळसर पडला तर विद्यापीठात कुणाला कळवायचं. ट्रंक संग्रहालयातच ठेवा, आणि किल्ली पहारेकऱ्यांकडे द्या.